एक्केचाळीस बायकांचा अंगठा

मी एकदा एक्केचाळीस बायका झाले होते. एकटीच. दुपारची जेवणं उरकल्यावर गोठ्यात बसून, म्हशीच्या साक्षीनं, तासाभराच्या आत. त्यात दोन बाळंतिणी होत्या, एक आंधळी म्हातारी होती, एक सासूशी भांडून माहेरी आलेली होती आणि एक तर पटवाऱ्याची चुलत बहीण होती, हे मला नंतर कळलं. एवढ्या सगळ्या जणींचे अंगठे मी सरकारला पाठवायच्या कागदावर उमटवले, आणि तेही कशासाठी? तर लाचलुचपत आणि खोटेपणा बंद करणारा कायदा सरकारनं करावा, म्हणून! माझ्या नातवंडांना मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण ही कधी सांगितली नाही. मी त्यांना खोटं बोलल्याबद्दल भिंतीकडं तोंड करून उभं करत आले ना. आता ती मोठी झाली आहेत, आणि मला भिंतीकडं तोंड करून उभं राहायला गुडघे साथ देत नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं गाव नळदुर्गाच्या अलीकडं, हैदराबादच्या सडकेपासून आत. आमचे आबा अर्जनवीस होते. म्हणजे लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. निजामाच्या राज्यात सगळी कचेरी उर्दूत चाले, आणि आबांचं उर्दू असं, की तालुक्याचे वकीलसुद्धा त्यांच्याकडून मजकूर लिहून नेत. बोरूची कुरकुर थांबली की बाई, म्हणजे आमची आई, चहाचं आधण चुलीवर ठेवी. एवढं त्या कुरकुरीचं घड्याळ पक्कं होतं. मग राज्य गेलं, आम्ही आधी एका राज्यात, मग मुंबईच्या राज्यात गेलो, आणि कचेरीत मराठी आली. आबांना मराठी बोलायला काय, फर्डी येई. पण बाळबोध लिहायला बसले की अक्षरं उजवीकडून डावीकडं पळायला बघायची. त्यांचं 'क' बघून एकदा तालुक्याच्या कारकुनानं विचारलं होतं, "हे काय काढलंय, कासव?" त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते ओसरीवर बसून मजकूर सांगायचे आणि मी लिहायची. मी सातवी पास झालेली, वय वर्षं पंधरा, नाव इंदू. माझं अक्षर मोत्यासारखं होतं हे मी आजही सांगते, कारण तेवढंच एक सांगण्यासारखं होतं. बाकी डोक्यात हवा होती. घरचं पोट माझ्या अक्षरावर चाललंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं; पण मला ते कळलं होतं, आणि जे कळू नये ते नेमकं कळलं की पोरीचं काय होतं, ते पुढं येईलच.

आमच्याकडं सकाळी लोक यायचे ते दारात वहाणा काढून, डोक्याचं मुंडासं सारखं करून बसायचे. आबा त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे, मग म्हणायचे, "आता यातलं रडणं बाजूला ठेवू, आणि मजमून धरू." मजमून म्हणजे मजकुराचा गाभा. कागद झाला की आबा त्या माणसाचा हात स्वतः धरायचे, अंगठा जांभळ्या शाईच्या पॅडवर हलकेच फिरवायचे, आणि कागदावर ठेवून अर्धवर्तुळ लोळवायचे, एखाद्या लेकराला कुशीवर वळवावं तसे. मग नावापुढं मी लिहायची, 'निशाणी अंगठा'. त्या वेळी स्वयंपाकघरातून येसर आमटीला दिलेल्या फोडणीचा वास यायचा, अर्ज करणारा माणूस नाक वर करायचा, आणि बाई आतून म्हणायची, "त्यास्नी जेवूनच जायला सांगा." निम्म्या लोकांकडून आबांनी कधी काही घेतलं नाही. उरलेल्या निम्म्यांनी कण्या, तुरीची डाळ, अंबाडीची जुडी आणून दिली. अंबाडीच्या भाजीचा मला इतका कंटाळा होता, की मोठेपणी आपण पैशाची फी घेणारे अर्जनवीस व्हायचं, असं मी ठरवलं होतं.

त्या हिवाळ्यात केरबा मास्तरांनी अर्जाचं काढलं. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिंपी. देवळाच्या वाटेवर त्यांचं मशीन होतं. निजामाविरुद्धच्या लढ्यात ते सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, तुरुंगात जाऊन आले होते, आणि तिथून एकच खोड घेऊन आले होते: अन्याय दिसला की मशीनचं पायडल थांबायचं. त्यामुळं गावाचे कपडे कधीच वेळेवर शिवून झाले नाहीत. आमच्या गावचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गाला मुक्कामाला जातो. देव तिकडं गेला होता, देऊळ रिकामं होतं, म्हणून मास्तरांनी मंडपात सभा घेतली. मी आबांच्या मागं, लिहून घ्यायला.

"लाच घेणाऱ्याला सजा हाय, असं म्हणत्यात," मास्तर म्हणाले. "पर सांगणार कोण? सांगितलं की आपलंच काम पाच साल अडतंय. सांगणाऱ्याचं काम अडवायचं न्हाय, आन् चौकशी गावात येऊन, ठरल्या मुदतीत करायची, असा कायदा करा म्हणावं सरकारला. आमदार म्हणलेत, तालुक्याच्या कचेरीत अर्ज दाखल करून शिक्का आणा, मी तो विधानसभेत ठेवतो."

"बायांचं बी घ्या," मागून आवाज आला. "पटवारी दारात येतो तवा मरद रानात असतो. कोंबडी आमच्या हातातनं जाती, तूप आमच्या हातातनं जातंय."

ही रसूलबी मनियारीण. बांगड्या भरायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या साऱ्या घरात तिचं जाणं. देशमुखाच्या माजघरापासून वेशीबाहेरच्या झोपडीपर्यंत एकही बाई अशी नव्हती, जिचा हात तिनं हातात धरला नव्हता. तिचे स्वतःचे हात मोकळे. नवरा निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीच्या साली गेला. कसा गेला ते गावात कुणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. त्याची तीन एकर जमीन होती, ती तिच्या नावावर लावायची होती, आणि पटवारी ती लावत नव्हता. आधी कोंबड्या झाल्या, मग तुपाचा डबा झाला, मग तिच्या एकुलत्या एक गाभण शेळीवर त्याची नजर होती. तोवर जमीन दीर कसत होता, आणि आणखी एक साल नाव लागलं नाही तर ती त्याचीच होणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

रसूलबीची कैफियत अर्जाला जोडायची ठरली. बाकी सगळ्या अर्जात "कित्येकदा असे घडते" असं होतं. नाव, वस्तू आणि तोंडासमोर उभं राहून सांगण्याची हिंमत एकट्या रसूलबीकडं होती. आबांनी मजमून सांगितला, मी तीन पानं लिहिली. शेवटी आबांनी पॅड पुढं केलं तर तिनं हात पदरात घेतला.

"न्हाय, भाईसाब. हा अंगठा कचेरीत देणार. सायबाच्या म्होरं. त्यानं बघितलं पायजे, की हात कुणाचा हाय."

"बरोबर," आबा म्हणाले. "इंदे, हिची जागा मोकळी ठेव. बायकांच्या यादीतही मोकळी ठेव. तिथलाही ती कचेरीतच देईल."

मी मान हलवली. ती मान मला आज सापडली तर पिरगाळीन.

मास्तरांनी बायकांच्या यादीचं काम मला दिलं. दोन ताव, एकेका तावावर तीस जागा. दोन्ही भरले की कचेरीत अर्ज वाचून दाखवायला मला नेणार, असं ते सभेत सगळ्यांसमोर म्हणाले. झालं! मी तालुक्याला जाणार, एस.टी.त बसणार, साहेबासमोर खणखणीत आवाजात अर्ज वाचणार, आणि साहेब विचारणार, "हे अक्षर कोणाचं?" मी आरशासमोर उभी राहून "माझं, साहेब" असं म्हणायचा सराव केला. कधी लाजून, कधी ताठ मानेनं. लाजलेलं जास्त चांगलं दिसत होतं.

पहिल्या दिवशी रसूलबी माझ्याबरोबर फिरली. ती दारात गेली की बायका हात पुढंच करायच्या. "बांगड्या न्हायत आज, अंगठा पायजे," ती म्हणायची, आणि मग बसून सांगायची. कायदा म्हणजे काय, अंगठा कशाला, नाव कुठं जाणार. एकेका दारात अर्धा अर्धा तास. एका म्हातारीनं तर, "मग आता पटवारी बदलणार का त्येची खोड बदलणार?" असं विचारून आम्हाला चहा पाजला आणि अंगठा दिलाच नाही. संध्याकाळपर्यंत एकोणीस झाले. माझे पाय दुखले, अंगठे धरून बोटं जांभळी झाली. रसूलबी म्हणाली, "लई झाले गे पोरी. एकोणीस बाया समजून उमजून बोलल्या, थोडं हाय का?" मला ते फार थोडं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिला वस्त्यांवर जायचं होतं. संक्रांत जवळ आली होती. वर्षाची कमाई तिला त्या पंधरा दिवसांत करायची असे. तिनं मला दारं सांगितली, नावं सांगितली, मी ती यादीत सुंदर अक्षरात आधीच लिहून टाकली. मग निघाले, तर अर्ध्या दारांना कड्या. बाया तुरीच्या काढणीला गेलेल्या. रानात गेले, तर एकीनं सांगितलं, "आधी चार पेंढ्या बांधू लाग, मग बोल." मी अर्जनवीसाची लेक! पेंढ्या बांधणार? तशीच परत आले, आणि बाईनं वाढलेली भाकरी नि शेंगदाण्याची चटणी खाता खाता माझ्या मोत्यासारख्या डोक्यात कल्पना आली. नावं आहेत. बायका कबूलच होणार आहेत. मग अंगठा त्यांचा काय नि माझा काय? पोचायचं ते म्हणणं पोचलं म्हणजे झालं. देव नळदुर्गाला होता, तो काही बघत नव्हता.

गोठ्यात बसले. दहा बोटं तीन तीन वेळा झाली. एकदा सरळ, एकदा तिरकी, एकदा जोरात दाबून. पटवाऱ्याच्या गल्लीतल्या लठ्ठ बायांसाठी दोन बोटं एकमेकांवर रेटली. घरात जाऊन झोपलेल्या बाईचा हात अलगद धरून तिचे दोन्ही अंगठे घेतले, आणि तिला जाग आली तेव्हा "मुंगी होती" म्हणून सांगितलं. तरी जागा उरल्याच. मग पायाची बोटं. हसू नका, पायाची बोटं कागदावर नीट उमटवायची तर किती कसरत लागते, ते तुम्ही करून बघा. म्हशीनं माझ्याकडं बघून मान फिरवली. शेवटी एकच जागा राहिली, तीही पहिल्या तावाच्या वरच्या ओळीत, दातातल्या फटीसारखी. रसूलबीची. ती का मोकळी आहे हे मला आठवत होतं. पण ताव पूर्ण भरलेला कसा दिसेल, हेही दिसत होतं. कचेरीत सगळ्यांसमोर पॅड काढत बसायचं, त्यात माझं वाचन लांबणार. कैफियतीवर देईलच की ती, यादीत एक देऊन टाकू. बोटं सगळी वापरून झाली होती. डाव्या पायाचा अंगठा त्यातल्या त्यात ताजा होता.

जिनं गावातल्या प्रत्येक बाईचा हात हातात धरला, तिच्या नावापुढं मी माझा पाय ठेवला. हे वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली.

आता रेशनच्या दुकानात मशीन आलंय. अंगठा ठेवला की नाव येतं म्हणे. माझा येत नाही. भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषाच राहिल्या नाहीत. दुकानदार पोरगं म्हणतं, "आजी, पुसून ठेवा. आजी, जोरात दाबा. आजी, दुसरं बोट ठेवून बघा." मी म्हणते, बाबा, दुसऱ्या बोटाचं माझ्याजवळ काढू नको. मागच्या रांगेला वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

संध्याकाळी आबांनी ताव बघायला मागितले. मी म्हणाले, मास्तरांनी ठेवून घेतले. आबांच्या नजरेला ते पडले असते तर अर्ज गावाबाहेर गेलाच नसता, हे मला ठाऊक होतं. हात मी चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासघासून पांढरे केले होते. पायाचं ध्यानात आलं नाही.

कचेरीत आम्ही चौघं गेलो. मास्तर, आबा, रसूलबी, मी. आबांना वकिलांनी बाहेरच गाठलं आणि जुन्या उर्दू दस्तावर काही विचारत बसवून घेतलं, म्हणून आत तिघंच. वहाणा दाराबाहेर काढल्या. साहेब तरुण होते, चेहरा बरा होता. शेजारी त्यांना कागद वाचून दाखवणारे पेशकार, निजामाच्या काळापासूनचे. आमचा पटवारीही भिंतीला टेकून उभा होता. त्याला आधीच कळलं होतं. मी अर्ज वाचला. खणखणीत वाचला. साहेबांनी खरंच विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" आणि मी लाजून म्हणाले, "माझं, साहेब." त्या क्षणी मी मेले असते तर फार सुखात मेले असते.

मग रसूलबी पुढं झाली. तिनं पॅडवर अंगठा फिरवला, कैफियतीवर ठेवला, आणि साहेबांकडं सरळ बघितलं. तिच्या उजव्या अंगठ्यावर आडवा काप होता. पंचवीस वर्षं काच हाताळल्याचा. कागदावर तो पांढऱ्या रेघेसारखा उमटला. पेशकारांनी सवयीनं यादी शेजारी ओढली, तिचं नाव शोधलं आणि खिशातून भिंग काढलं.

"बाई, यादीतला अंगठा तुझाच?"

रसूलबीनं कागदावर वाकून बघितलं. तिची जागा मोकळी असायला हवी होती, तिथं जांभळा, गुळगुळीत, तिच्या अंगठ्याच्या दीडपट ठसा. तिनं माझ्या हातांकडं बघितलं. हात स्वच्छ होते. मग तिची नजर खाली गेली. माझ्या डाव्या पायाच्या नखाच्या कडेनं जांभळी कोर होती. मी अंगठा आत वळवला. त्यानं काय झाकणार? टेबलापलीकडच्यांना माझे पाय दिसत नव्हते. तिला दिसत होते.

"बोल की," पटवारी भिंतीपासून म्हणाला. "खोटी निशाणी करणाऱ्याला सजा असती, म्हाईत हाय न्हवं? ज्येनं केली त्येला."

मी तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं, "माझं, साहेब." त्याचा तर मी आरशासमोर सराव केला होता.

"माझाच हाय, सायेब," रसूलबी म्हणाली.

"मग हा काप?"

"काल लागला. काच लागली."

पेशकारांनी तिचा हात स्वतःच्या हातात घेतला, अंगठा उलटसुलट केला. "हा काप तुझ्या लग्नाच्या वेळचा असंल, बाई. काल लागला?" साहेबांना हसू आलं. पटवाऱ्याला तर फारच आलं. साहेब वाईट नव्हते, त्यांनी बराच वेळ कागदाकडं बघितलं, मग म्हणाले, "जी बाई स्वतःच्या अंगठ्याबद्दल माझ्यासमोर खोटं सांगते, तिची कैफियत मी खरी कशी धरू? आणि जिथं एक निशाणी अशी आहे, तिथं बाकीच्यांचं काय?" त्यांनी शेरा लिहिला: निशाण्या संशयास्पद, दाखल करण्यास योग्य नाही. पेशकारांनी कागद नीट घडी करून मास्तरांच्या हातात दिले. रसूलबीनं आपला जांभळा अंगठा पदराला पुसला.

परतीच्या एस.टी.त मास्तर नळदुर्ग येईपर्यंत कागदांची घडी मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "रसूलबी, असं का केलंस? आधी कुणाला तरी कशापायी द्यायला लावलास अंगठा? गावाचा अर्ज बुडाला तुझ्यापायी." आबांनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चुकी झाली, मास्तर." मी तिच्या शेजारी बसले होते. तिच्या टोपलीतल्या बांगड्या खड्ड्याखड्ड्याला किणकिणत होत्या. मी पाय बाकाखाली घेतले होते आणि गप्प होते. लोक म्हणतात, कमी वयात चुका होतात. चूक गोठ्यात झाली. एस.टी.त मी जे केलं, त्याला चूक म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी परत आलेले ताव ओसरीवर पसरले. बोरूची कुरकुर नव्हती, काहीच आवाज नव्हता, म्हणून बाईसुद्धा बाहेर आली. आबांनी भिंग घेतलं नाही. नुसते वाकले, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट नेत गेले, आणि दोन ठिकाणी थांबून बाईला म्हणाले, "हे तुमचे." बाईनं स्वतःचे अंगठे उलटे करून बघितले. "मुंगी," ती हळूच म्हणाली.

आबांनी मला मारलं नाही. "इंदे," ते म्हणाले, "तीस साल मी लोकांचे अंगठे धरून कागदावर ठेवले. कुणाचा एक न विचारता ठेवला न्हाय. चल, चप्पल घाल." त्यांनी मला मास्तरांच्या दुकानात नेलं आणि उभं केलं. मी सांगितलं. मशीनचं पायडल थांबलं. मास्तर उठले, तसेच, कानावर खडू, गळ्यात मापाची पट्टी, रसूलबीच्या घराकडं चालू लागले. मला "ये" म्हणाले नाहीत. आबांनीही नेलं नाही.

अर्ज पुन्हा करायचा ठरला. या वेळी मास्तर स्वतः दारोदार फिरले. पुरुषांचे अंगठे मिळाले. बायकांनी दिले नाहीत. ज्या एकोणीस जणींनी समजून दिले होते, त्यांनीही नाही. "मागल्या बारीला आमी न देता बी गेलाच की आमचा अंगठा," एकीनं दारातूनच सांगितलं. "तसाच न्या या बी बारीला." बायकांच्या नावाशिवाय, रसूलबीच्या कैफियतीशिवाय तो अर्ज गेला, आणि आमदारांच्या कुठल्या कपाटात राहिला देव जाणे. मास्तर म्हणत होते तसला काहीसा कायदा पुढं पुष्कळ वर्षांनी झाला, असं मी पेपरात वाचलं. तेव्हा मास्तर नव्हते. आमच्या दारात वहाणा काढणारे लोक मात्र महिनाभर आले नाहीत, आणि मी कंटाळा येईपर्यंत ज्या अंबाडीला नावं ठेवली, तीही आली नाही. रसूलबीची शेळी पटवाऱ्याच्या दावणीला मी माझ्या डोळ्यांनी बघितली. व्यायलेली होती, दोन करडं होती. जमीन तरीही दिराच्याच नावावर लागली.

त्याच संक्रांतीच्या आदल्या दिवशी रसूलबी आमच्या दारात आली होती. बाईनं तिला घोंगडी टाकली, तिळाचा लाडू दिला, पाणी दिलं, आणि मला हाक मारून आपण चुलीपुढं जाऊन बसली. मी समोर बसले. तिनं टोपलीतून हिरव्या बांगड्यांचा नेहमीचा माझ्या मापाचा जोड काढला, हातावर लावून बघितला, परत ठेवला, आणि दुसरा घेतला. मग माझा हात धरला. सगळा हात आखडला होता माझा, अंगठा मुठीत गेला होता. तिनं तो एकेक बोट करून सोडवला, अंगठ्याला तळहाताशी दुमडलं, आणि पहिली बांगडी चढवली. मी रडत होते, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. म्हणाले, "मावशी, तुमी का सांगितलं न्हाय? का माझाच म्हणलात?" तिनं दुसरी बांगडी चढवली, मग तिसरी, एकही फुटली नाही. शेवटची मनगटावर आली तेव्हा तिनं माझा हात माझ्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली:

"लहान व्हतीस, म्हणून म्हणलं. आज बघ, तुला मोठ्या मापाच्या बांगड्या लागल्या. आता 'माझाच' न्हाय म्हणणार मी."